कुलूपखात्याचा नित्यानित्यविवेक

तारीख ४, सोमवार

जो न मोजता देतो आणि ज्याच्या दारी कोणाचेच माप उणे ठरत नाही, त्या करुणाकराला प्रथम वंदन. माझ्या थरथरत्या अक्षरांना त्यानेच ओळीत धरावे, एवढे मागून ही वही आरंभितो.

विषय प्रापंचिक आहे, हे आधीच कबूल करतो. उभे आयुष्य शाळेत प्राचीन भाषा शिकवण्यात आणि उरलेला वेळ धर्मग्रंथांच्या सहवासात घालवून चौऱ्याहत्तरीला पोहोचलेला मी आज बिजागऱ्यांच्या कारखान्यात जाऊन बसलो. कारखाना धाकट्या भावाचा. तो गेल्या आठवड्यात शिडीवरून घसरला आणि पाय प्लास्टरात घालून घरी पडला आहे. रोजचे काम त्याचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या पाहतो. हिशेब पुतण्याची पत्नी, आमची सूनबाई पाहते. माझ्याकडे एकच काम आले आहे, ते म्हणजे निवाडा.

कारखान्यात तीन खाती: बिजागऱ्या, कड्या आणि कुलपे. पुतण्या म्हणतो, कुलूपखाते तोट्यात आहे, बंद करावे. भाऊ म्हणतो, ज्या कुलपांनी कारखाना उभा केला ती बंद करायची नाहीत. बापलेकांत दोन महिने अबोला आहे. शेवटी दोघांचे एकाच गोष्टीवर एकमत झाले: दादा सांगतील तसे. महिनाअखेरपर्यंतची मुदत आहे.

बसण्यासाठी पुतण्याने कुलूपखात्याच्या लांबलचक दालनातला पूर्वेचा कोपरा सुचवला होता. तेथे सकाळचे ऊन येते. मी म्हटले, कानाशी कानस चालू असताना ग्रंथात मन कसे लागावे? म्हणून रस्त्याकडची पुढची खोली घेतली. पूर्वी तेथे गिऱ्हाइकांना नमुने दाखवीत. रस्त्यावर उघडणारे स्वतंत्र दार, दोन रुंद खिडक्या आणि उत्तम शांतता. नमुन्यांचे कपाट बोळात हलवावे लागले. हलवताना त्याची काच फुटली. कोणी एक शब्द बोलले नाही. आमच्या घराण्यात वडीलधाऱ्यांचा मान अजून टिकून आहे, हे पाहून संतोष वाटला.

तारीख ५, मंगळवार

कुलूपखाते म्हणजे एकच माणूस. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. वय एकसष्ट, त्यातली चौतीस वर्षे याच दालनात. एके काळी सहा कारागीर होते. आता सहा ओटे आणि एक मिस्त्री. दिवसाला दहा कुलपे होतात.

त्यांच्या कुलपाची एक खोड आहे. किल्ली घातली की ती आधी अर्धा फेरा उलटी फिरवावी लागते, मग सुलटी. सरळ फिरवणाऱ्याला ते उघडत नाही. मी तीन वेळा सरळ फिरवली आणि हरलो. मिस्त्री हसले नाहीत, पण त्यांचा चष्मा हसला.

"गुरुजी, घाई करणाऱ्याला हे दाद देत नाही," ते म्हणाले. "चोरालाही घाई, मालकालाही घाई. फरक एवढाच की मालकाला एकदा सांगितलं की कळतं."

तारीख ७, गुरुवार

सूनबाईने खात्यांचा तक्ता समोर ठेवला. कुलपांची महिन्याची विक्री एक लाख वीस हजार. पितळ, स्प्रिंगा, वेष्टन मिळून बासष्ट हजार. मिस्त्रींचा पगार तीस हजार. येथपर्यंत सर्व ठीक. त्यानंतर एक ओळ: 'सामाईक खर्चाचा वाटा, बेचाळीस हजार.' आणि तळाशी लाल शाईत चौदा हजारांचा तोटा.

सामाईक खर्च म्हणजे इमारतीची देखभाल, कर, विमा, पहारेकरी, कार्यालय आणि मालाची गाडी. एकूण एक लाख सव्वीस हजार. त्याचे तीन समान भाग करून तिन्ही खात्यांवर टाकतात. सहा यंत्रे चालवणाऱ्या बिजागऱ्यांवर जेवढे, तेवढेच एकट्या मिस्त्रींवर. मी विचारले, ही पद्धत कोणाची? सूनबाई जरा थांबली आणि म्हणाली, "बाबा सांगतात, तीन खाती केली तेव्हा त्यांनी तुम्हालाच विचारलं होतं."

मला आठवले. भावांच्या वाटणीत थोरला-धाकटा नसतो, तसे तिन्ही खात्यांना सख्ख्या भावंडांसारखे वागवावे, असा उपदेश मी केला होता. समदृष्टी हा गुण शास्त्रांनी वाखाणलेला आहे. एकोणतीस वर्षे ते सूत्र निष्ठेने पाळले गेले, याचा मला अभिमान वाटला. थोडा वेळच वाटला.

पुतण्या निघताना सहज म्हणाला, की मिस्त्रींना द्यायचे पत्रही मीच लिहावे. "मोठे काका, तुमची भाषा गोड आहे. वाईट बातमी गोड भाषेत गेलेली बरी." मी होकार दिला. मग दिवसभर दोन ओळी लिहिल्या, दोन्ही खोडल्या.

तारीख ८, शुक्रवार

जोडे अजून चावतात. किंमत भरपूर मोजली म्हणून वर्षभर चावून घेत आहे. आज लंगडत आलो, तेव्हा सूनबाईने विचारले, हे का घालता? मी किंमत सांगितली.

"ती तर गेली, मोठे काका. घातले तरी गेली, नाही घातले तरी गेली. आता प्रश्न फक्त पायांचा आहे."

गेलेल्याचा शोक करू नये, हे मी शाळेत किमान चाळीस वेळा शिकवले असेल. जोड्यांना ते लागू पडते हे आज कळले. चपला घालून घरी गेलो.

तारीख ११, सोमवार

आज खरा अभ्यास झाला. सूनबाई गुरू, मी शिष्य.

तिने कोरा कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली. एका बाजूला 'कुलपे चालू', दुसऱ्या बाजूला 'कुलपे बंद'. म्हणाली, "जे दोन्हीकडे सारखंच राहतं, ते लिहायचंच नाही. जे बदलतं तेवढंच लिहायचं."

मी विचारले, पहारेकरी? कुलपे बंद झाली तर त्याचा पगार कमी होईल? नाही. विमा? नाही. गाडी? ती बिजागऱ्या घेऊन तशीच धावणार. म्हणजे ते बेचाळीस हजार कुठेच जात नाहीत. कुलपांच्या अंगावरचे उचलून बिजागऱ्या आणि कड्या यांच्या अंगावर टाकले जातील. प्रत्येकी त्रेसष्ट हजार.

"आणि मग," ती म्हणाली, "कड्यांचं खातं तोट्यात दिसेल. तेही बंद करू. मग सगळा भार बिजागऱ्यांवर. त्याही बंद. शेवटी कारखाना बंद आणि पहारेकरी तेवढा चालू."

मी इतका हसलो की चहावाल्या मावशी डोकावून गेल्या.

मग उरले काय? बंद केल्यास एक लाख वीस हजारांची विक्री जाते. वाचतात ते पितळाचे बासष्ट आणि पगाराचे तीस, मिळून ब्याण्णव. म्हणजे कुलूपखाते कारखान्याला दरमहा अठ्ठावीस हजार मिळवून देते. ज्याला आपण तोट्यातला भाऊ म्हणत होतो, तो मुकाट्याने घर चालवीत होता आणि माझ्या समदृष्टीने त्याच्या माथी लाल शाई मारली होती.

माझ्या मनात दुसरेच काही उजळले. नित्य काय आणि अनित्य काय, हे निवडण्याला आमचे ग्रंथ विवेक म्हणतात. साधकाने अनित्य सोडून नित्य धरावे. व्यवहाराचा विवेक नेमका उलटा: जे नित्य, जे काही केले तरी राहणारच, ते बाजूला ठेवावे आणि जे बदलणार तेवढेच तोलावे. तराजू तोच, पारडी मात्र अदलाबदल केलेली. सूनबाईला हे सांगितले, तर ती म्हणाली, "आम्हाला कॉलेजात एवढं सुंदर नव्हतं शिकवलं."

तारीख १४, गुरुवार

भावाकडे जाऊन कागद वाचून दाखवला. त्याने प्लास्टरवर थाप मारली आणि लगेच कळवळला. मग उत्साहाने आपली बाजू आणखी भक्कम करू लागला: दोन वर्षांपूर्वी किल्ल्या कापण्याचे एवढे महागडे यंत्र घेतले आहे, ते काय फेकून द्यायचे?

मी म्हटले, अरे, ती किंमत तर गेली. यंत्र भंगारात काही मोलाचे नाही आणि दुसऱ्या कोणत्या कामाचे नाही. ती रक्कम आपल्या बाजूने मोजता येणार नाही.

"पण दादा, तुम्ही आमच्या बाजूने आहात ना?"

"मी रेघेच्या बाजूने आहे," मी म्हणालो. वाक्य मलाच फार आवडले. परतताना दोन वेळा मनाशी उच्चारले.

पुतण्यानेही कागद पाहिला. तो हट्टी नाही, आकडे तपासून म्हणाला, "बरोबर आहे. पण काका, ते दालन रिकामं झालं तर तिथं काय होईल, हे यात लिहिलेलं नाही." मी म्हटले, काय होणार, कोळिष्टके.

तारीख १८, सोमवार

दालनात कोळिष्टके होणार नाहीत. तेथे पुठ्ठ्याची खोकी होणार आहेत.

शेजारी खोकी बनवणारा एक गृहस्थ आहे. त्याला जागा अपुरी पडते. पुतण्याने त्याला आणले. कुलूपखात्याच्या दालनासाठी तो दरमहा पस्तीस हजार भाडे देण्यास तयार आहे. मिस्त्री ओट्यावर काम करीत होते आणि हा गृहस्थ त्यांच्या मागून पावलांनी लांबी मोजत गेला. मिस्त्रींनी मान वर केली नाही. फक्त तो जवळ आला तेव्हा स्वतःचे स्टूल थोडे आत ओढून घेतले, त्याला वाट मिळावी म्हणून.

नंतर खोकेवाला माझ्या खोलीत चहाला आला. बसला, उठला, रस्त्याकडचे दार उघडून पाहिले, मिटले. म्हणाला, "इथं तर टेम्पो थेट दाराशी लागेल. दालनातून माल बोळ ओलांडून आणावा लागेल, नाही?" मी म्हटले, होय, पण येथे शांतता फार आहे. तो म्हणाला, "दिसतंय." सूनबाईला एकाएकी खोकला आला. पुतण्या छताकडे पाहत होता. तेथे काय होते, मला दिसले नाही.

सायंकाळी कागदावर नवी ओळ लिहावी लागली. कुलपे चालू ठेवल्यास अठ्ठावीस. बंद करून दालन दिल्यास पस्तीस. पुतण्याचे म्हणणे सात हजारांनी खरे ठरले.

तारीख १९, मंगळवार

ग्रंथ उघडला. मिटला.

तारीख २१, गुरुवार

पत्राचा मसुदा पूर्ण केला. चार परिच्छेद, एकही कठोर शब्द नाही. वाचून पाहिले तर इतके मधुर झाले आहे की काढून टाकले हेच कळत नाही. पुन्हा लिहिले. आता कळते आणि वाचवत नाही.

दुपारी मिस्त्रींजवळ जाऊन बसलो. काहीतरी बोलायचे म्हणून विचारले, की दुसरीकडे कोठे काम मिळण्यासारखे आहे का. हा प्रश्न माझ्या तोंडून असा निसटायला नको होता.

त्यांनी कानस खाली ठेवली. "गुरुजी, आता कुलपं यंत्रातून पडतात. माणसाला कोण विचारतो? मुलगी बोलावते आपल्याकडे. जाईन. तिच्या दाराला माझंच कुलूप आहे. दिवसातून दोनदा उघडीन आणि लावीन, झालं काम."

मी म्हटले, अजून काहीच ठरलेले नाही.

"तो माणूस एकोणचाळीस पावलं मोजून गेला," ते म्हणाले. "मी ऐकत होतो. माझी पस्तीस होतात. त्याची पावलं तोकडी आहेत, तुम्हाला जागा जास्त सांगेल."

मग त्यांनी मला एक स्प्रिंग धरायला दिली आणि माझ्या हातून ती उडून कोठेतरी गेली. अर्धा तास आम्ही दोघे ओट्याखाली रांगत शोधत होतो. मला सापडली. इतका आनंद अलीकडे कशानेच झाला नव्हता.

मी रेघेच्या बाजूने आहे, हे वाक्य आज आवडले नाही.

तारीख २२, शुक्रवार

दिवसभरात तीन क्षुल्लक गोष्टी घडल्या. इतर काही लिहिण्यासारखे नाही म्हणून लिहितो.

चहावाल्या मावशी कप ठेवताना म्हणाल्या, "काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत आहे बाई या कारखान्याची." कोणाला उद्देशून, ते कळले नाही. मी विचारले, तर म्हणाल्या, "मला काय ठाऊक? मी चहावाली."

सुतार येऊन माझ्या टेबलाचे माप घेऊन गेला. कशासाठी, असे विचारता म्हणाला, सवय आहे.

आणि सूनबाईने मला गृहपाठ दिला. मला! म्हणाली, "मोठे काका, आपण फक्त दालनावर रेघ मारली. कारखान्यातल्या प्रत्येक जागेवर एकदा मारून बघा ना. 'ही जागा आज आहे तशी वापरली, आणि नाही वापरली, तर काय बदलतं?' प्रत्येक जागा हं. एकही सोडायची नाही." शिक्षकाला गृहपाठ टाळता येत नाही. सोमवारपर्यंत देतो म्हटले.

तारीख २५, सोमवार

गृहपाठ सकाळीच हाती घेतला. प्रार्थना करून, कोऱ्या कागदांची चळत घेऊन, क्रमाने निघालो.

बिजागऱ्यांचे दालन: रिकामे केल्यास कारखाना थांबतो. पुढे. कड्यांचे दालन: तेच. माल ठेवण्याची कोठी: रिकामी केल्यास माल पावसात. अंगण: गाडी वळायला लागते. पहारेकऱ्याची चौकी: तीन माणसे मावत नाहीत, तेथे खोकी कोठून मावणार? बोळ: नमुन्यांचे कपाट आडवे उभे आहे, फुटकी काच. हे कपाट येथे का, असे लिहिता लिहिता आठवले, की ते पुढच्या खोलीतून आले. का आले? माझे टेबल तेथे गेले म्हणून.

लेखणी थांबली. सूनबाईने बजावले होते, एकही जागा सोडायची नाही. शेवटचा कागद घेतला आणि वर लिहिले: 'पुढची खोली.' मधोमध रेघ मारली. 'गुरुजी खोलीत बसतात.' 'गुरुजी खोलीत बसत नाहीत.' आणि काय बदलते ते प्रामाणिकपणे लिहू लागलो.

बसत असल्यास: बिनसाखरेचे दोन चहा. एक पंखा. शांतता, एका माणसापुरती.

बसत नसल्यास: तेच दोन चहा, दुसऱ्या जागी. तोच वारा, खिडकीतून. शांतता नाही. आणि रस्त्याला लागून स्वतंत्र दाराची, दोन खिडक्यांची, टेम्पो थेट दाराशी लागेल अशी एक खोली, रिकामी.

जन्मभर मुलांना सांगितले की दिव्याचा प्रकाश चहूकडे पडतो, पण खाली अंधार असतो. तो अंधार किती चौरस फूट असतो, हे कधी मोजले नव्हते.

उठलो, दार उघडून बोळ ओलांडला. मिस्त्री किल्ली तासत होते. त्यांच्या पूर्वेच्या कोपऱ्यात ऊन आले होते आणि तेथे नेमके एका टेबलाएवढी जागा झाडून पुसून ठेवलेली होती. त्यांची टापटीप मला नेहमीच आवडते.

तारीख २६, मंगळवार

खोकेवाल्याला मी स्वतः भेटलो. मला वाटले, मन वळवावे लागेल. वाटेत तीन युक्तिवाद आणि एक दृष्टान्त तयार ठेवला होता. मी म्हटले, दालनाऐवजी पुढची खोली घेतलीत तर? तो म्हणाला, "एकतीस देईन. आकाराने लहान आहे, पण दार रस्त्यावर आहे." दृष्टान्त तसाच परत आणला.

कागद आता असा झाला. आहे तसे चालू ठेवल्यास अठ्ठावीस. दालन दिल्यास पस्तीस. खोली दिल्यास कुलपांचे अठ्ठावीस अधिक भाड्याचे एकतीस, म्हणजे एकोणसाठ. एवढे स्वच्छ गणित इतके दिवस कोणालाच कसे सुचले नाही, याचे नवल वाटते. बहुधा मंडळी रोजच्या धबडग्यात गुंतलेली असतात. वृद्धांना विचाराला सवड असते, एवढाच आमचा उपयोग.

तारीख २७, बुधवार

भावाच्या खाटेभोवती सर्वांना जमवून निवाडा सांगितला. मिस्त्री राहतील. कुलपे चालतील. सामाईक खर्चाची माझी समान वाटणी आजपासून रद्द. ज्या खात्याला जेवढी जागा आणि यंत्रे, त्याच्यावर तेवढा भार. पुढची खोली भाड्याने द्यावी आणि मी कुलूपखात्याच्या कोपऱ्यात बसेन.

मला वाटले होते, पुतण्या म्हणेल, नको काका, तुमची गैरसोय होईल. तो म्हणाला, "उद्या सकाळी हलवू?" मग घाईने म्हणाला, "म्हणजे, तुमची इच्छा असेल तर."

भाऊ इतका वेळ भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याचे खांदे हलत होते. पायाच्या दुखण्याने रडत असावा म्हणून मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. त्याने तो धरून ठेवला आणि डोळे पुसत म्हणाला, "दादा, तुम्हाला कोणी सांगणार नव्हतं. तुम्हालाच सापडावं असं वाटत होतं." देवाला उद्देशून बोलत असावा, दुखण्यात माणूस असे बोलतो.

बापलेक मात्र पुढचा तासभर एकमेकांशी बोलत होते. जवळजवळ तीन महिन्यांनंतर.

निघताना मी सूनबाईला विचारले, अग, तुझ्याच पद्धतीने विचार केला तर मी कारखान्यात असलो काय आणि नसलो काय, आकड्यांत काही फरक पडत नाही. मग मला घरीच का बसवत नाही?

"खोलीत नसलात तर काही बिघडत नाही," ती म्हणाली. "कारखान्यात नसलात तर..." आणि तिला काहीतरी काम आठवले, ती आत निघून गेली. उत्तर उद्या विचारीन.

तारीख २८, गुरुवार

हलणे पार पडले. दोन आश्चर्ये नोंदवून ठेवतो.

खोकेवाल्याची पाटी सकाळीच आली; रंग पूर्ण वाळलेला. तिच्यावर 'प्रवेश रस्त्याकडून' असे सुंदर अक्षरांत लिहिले आहे. परवा दुपारी सौदा आणि आज पाटी! व्यापारी माणसाची तत्परता विद्यार्थ्यांनी शिकण्यासारखी आहे.

दुसरे असे, की माझ्या टेबलाचे पाय चार बोटे कमी झाले आहेत आणि ते खिडकीच्या कठड्याखाली बरोबर बसते. सुताराने रातोरात कापले म्हणतात. त्या दिवशी त्याने सवयीने घेतलेले माप असे उपयोगी पडले. ईश्वरी योजना सुतारांच्या हातूनही काम करून घेते.

नमुन्यांचे कपाट मिस्त्रींच्या ओट्यामागे लागले. काच नवी बसवली.

तारीख ३०, शनिवार

कानस कानाशी चालते आणि ग्रंथ वाचता येतो. तासाभराने लक्षात आले की मी श्लोक तिच्या लयीवर म्हणत आहे. मिस्त्रींनीही ते ओळखले असावे, कारण यमकाच्या जागी ते हात जरा लांबवतात.

टेबल मात्र डुगडुगते. सुताराने घाईत एक पाय जास्त कापला. मिस्त्रींनी खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, घडी घालून कागद द्या एखादा. जाडसर."

खिशात एकच कागद होता. चार परिच्छेद, एकही कठोर शब्द नाही. काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो न उघडता दोन्ही बाजूंनी पाहिला, बोटांनी जाडी अजमावली.

"महत्त्वाचा नाही ना?"

"होता," मी म्हणालो. "आता टेबल महत्त्वाचं."

त्यांनी कागदाची आणखी एक घडी घातली, पायाखाली सरकवला आणि टेबल दोन्ही हातांनी हलवून पाहिले. हलले नाही. मग माझ्यापुढे नुकतेच पुरे झालेले एक कुलूप ठेवले आणि कामाला लागले. मी किल्ली घातली. आधी अर्धा फेरा उलटी फिरवली, मग सुलटी. पहिल्या खेपेस उघडले.

सूनबाईला बुधवारचे उत्तर विचारायचे राहूनच गेले. ती सकाळी आली होती तेव्हा मी आणि मिस्त्री पुन्हा एका स्प्रिंगीसाठी ओट्याखाली होतो. उभी राहून पाहत होती, असे मावशी म्हणाल्या.

त्या करुणाकराने मला महिनाभर हात धरून फिरवले आणि जेथून निघालो त्याच्या शेजारच्या कोपऱ्यात आणून बसवले. त्याला पुन्हा वंदन. ही वही कधी कोणाच्या हाती पडलीच, तर वाचणाऱ्याच्या घराला भक्कम कुलूप लाभो आणि ते उघडायला कोणीतरी घरी येत राहो. ज्याच्या नावापुढे कोणी चुकून लाल शाई मारली असेल, त्याच्या बाजूने कोरा कागद घेऊन कोणी उभे राहो. आणि आपल्या खुर्चीखालची जागा ज्याला दिसली नाही, त्याला ती दिसेपर्यंत शांत राहणारी माणसे मिळोत. सर्वांचे कल्याण असो.